आडवे पट्टे, उभे पट्टे

१

विधानभवनाच्या पूर्वेकडच्या जिन्यात, मधल्या वळणावर, भिंतीवरच्या एका माणसाचं तोंड कुणीतरी खरवडून काढलं होतं. जागा तळहाताहून थोडी मोठी. रंग गेला होता, खालचा गिलावा उघडा पडला होता, आणि पायरीवर रंगाचा भुगा सांडला होता, चाळलेल्या पिठासारखा.

एवढ्याशा गोष्टीला पोलीस कशाला, असं तुम्ही म्हणाल. इमारतीचे अधीक्षक वेंडेल फाउट्स तेच म्हणत होते.

"लोमॅक्स, हा गुन्हा नाही. निष्काळजीपणा आहे. बाईनं औषधाचा लेप नको तितका वेळ ठेवला, रंग उतरला, आणि आता कुणा भुतावर ढकलतेय."

"लेपानं रंग मऊ होतो, साहेब," मारिसेल युरिबे म्हणाली. "भिंतीला ओरखडे पडत नाहीत."

"ते तू समितीला सांग. सोमवारी सेनेटरसाहेबांच्या पुढ्यात."

मारिसेलनं हातातला बोळा बादलीत टाकला. जुनी भित्तिचित्रं दुरुस्त करणं हे तिचं काम. सोमवारी इमारतीचा कारभार बघणाऱ्या समितीनं तिच्या नावावर शेरा मारला, की या देशातल्या कुठल्याही सरकारी इमारतीत तिला कुंचला धरू देणार नाहीत. माझ्या हातात शनिवार-रविवार होता. विधानभवन पोलिसांत तपासाला मी एकटाच, अमोस लोमॅक्स. एरवी मी हरवलेल्या छत्र्या शोधतो.

ते सत्त्याऐंशी साल. पुढच्या वर्षी इमारतीला शंभर वर्षं होणार, म्हणून सगळीकडे घासपूस चालली होती. आमची इमारत बाहेरून बघाल तर छाती दडपते. पण वरचा घुमट दगडाचा नाही. ओतीव लोखंड आहे, वर दगडी रंग फासलाय. सेनेटच्या दालनातले संगमरवरी खांबही संगमरवरी नाहीत. रंगीत गिलावा घोटून घोटून चकाकवलाय. सगळ्या इमारतीत खरा आहे तो ग्रॅनाइट. तो कुणी फोडला, हे मात्र कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं नाही.

मी सांगतो. पाथरवटांच्या युनियननं पडत्या मजुरीला नकार दिला, तेव्हा सरकारनं तुरुंगातली माणसं ठेकेदाराला भाड्यानं दिली. बहुतेक आमची, काळी माणसं. रस्त्यावर रिकामा उभा होता, हा त्यांचा गुन्हा. ठेकेदार होता कर्नल स्ट्रिकलंड. त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा तळमजल्यावर आहे, शाळेची पोरं त्याचं नाक चोळून जातात. खाणीत मेले त्यांचं कुणी काही चोळत नाही.

आणि सोमवारच्या समितीचे अध्यक्ष होते सेनेटर ग्रेडी स्ट्रिकलंड. कर्नलचे पणतू.

मी मनातल्या मनात खटला तिथेच निकालात काढला होता.

२

जिन्यातलं चित्र सगळ्यांना पाठ होतं. गोरेपान वसाहतवाले धुतलेल्या शर्टांत हसत हसत ग्रॅनाइट ओढतायत. एकाच्याही काखेत घाम नाही. मारिसेलला पहिल्या दिवसापासून संशय होता, की हे वरचं चित्र नंतरचं आहे आणि खाली दुसरंच काही आहे.

"म्हणून मी खिडकी उघडली," ती म्हणाली. आम्ही दोघं पायरीवर बसलो होतो.

"खिडकी म्हणजे?"

"वरचे थर एवढ्याशा जागेतले काढायचे, आणि मूळचं जे दिसेल ते तसंच ठेवायचं. आमच्या धंद्यात प्रत्येक भिंतीवर अशी एक तरी खिडकी ठेवतात. उद्या कुणी आम्हालाच खोटं ठरवायला आलं, तर त्याला बघता यावं."

"आणि काय दिसलं?"

"पट्ट्यापट्ट्यांचे कपडे. कैद्यांचे." तिनं बोटानं दाखवलं. खरवडलेल्या जागेखाली ते अजून होते. मळकट पांढरे, काळे. "आपल्या गाईड मिस ओडेसा रडल्या ना हो इथे उभ्या राहून. चेहऱ्यावरचा थर जाड होता. शुक्रवारी जाताना मी त्यावर लेप लावला. कागदाचा लगदा औषधात भिजवून थापायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी काढून उजेडात फोटो घ्यायचा. सकाळी आले तर हे."

"म्हणजे चेहरा कुणीच पाहिला नाही?"

"ज्यानं खरवडला, त्यानं पाहिला."

"लेप कुठेय?"

तिनं बादलीचं झाकण उघडलं. लेप आत होता. फाटलेला, तुकडे केलेला नाही. कोपऱ्यापासून नीट गुंडाळलेला, चपातीची सुरळी करावी तसा.

"तू ठेवलास?"

"मी नाही. आलेय तेव्हापासून आतच आहे. आमची पद्धत हीच असते म्हणा. ओढला की खालचा रंगही येतो, म्हणून कोपऱ्यापासून गुंडाळत काढायचा. इथे कुणी बघायला आलं तर मी दाखवायचे. मिस ओडेसांना, गाईड मंडळींना, फाउट्ससाहेबांना. सेनेटरही एकदा येऊन गेले. म्हणाले, पोरी, माझ्या मुलीचं नखं रंगवायचं दुकान आहे, तिथेही असंच करतात."

जिन्याला कामापुरतं फळ्यांचं दार बसवलं होतं. किल्ल्या तीन. एक मारिसेलकडे, एक फाउट्सकडे, एक गाईडांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली.

मिस ओडेसा टॉलिव्हर त्या खोलीच्या सर्वेसर्वा. मी शाळेच्या सहलीत पहिल्यांदा आलो तेव्हाही त्याच होत्या. पुतळे, घुमट, गव्हर्नरांच्या तसबिरी झाल्या की त्या पोरांना या जिन्यात आणायच्या, हॅट काढायच्या आणि कपाळावरची पांढरी बट दाखवायच्या. "म्हातारी झाले म्हणून नाही रे. जन्मापासून आहे. माझ्या आजीला होती, आजीच्या बापाला होती. इझेकील टॉलिव्हर. हजार माणसांत शिपाई त्याला बटेवरून ओळखायचे, म्हणून बिचाऱ्याला कधी पळून जाता आलं नाही. तुम्ही उभे आहात ना, तो दगड त्यानं फोडलाय. पाय पुसून उभे राहा."

वरिष्ठांनी हे सांगायला किती वेळा मनाई केली. त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या तुकडीला तेच सांगायच्या. घुमटाखाली कैद्यांच्या नावानं एक दगड बसवावा, एवढी त्यांची मागणी; त्यासाठी त्यांनी सहा गव्हर्नरांचे उंबरे झिजवले होते. तो ठरावही सोमवारीच होता. आणि पुरावा म्हणून त्यांच्याकडे ही एकच भिंत होती.

मी उठलो, तेव्हा कठड्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. सिगारवरची सोनेरी कागदाची पट्टी. इमारतीत या जातीची सिगार ओढणारा एकच माणूस होता.

३

सेनेटर स्ट्रिकलंड घराच्या ओसरीत उकडलेले शेंगदाणे सोलत बसले होते.

"ये रे, लोमॅक्स. गोड चहा घेणार?"

"नको. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात गेला होतात."

"गेलो होतो. वेंडेलनं दार उघडून दिलं. लेप लावलेला होता, काही दिसलं नाही. परत आलो."

"सिगार तिथे ओढलीत."

"ती इमारत माझ्या पणजोबांनी बांधली. सिगार ओढायला परवानगी मागू?"

"तुमच्या पणजोबांनी त्या इमारतीचा एक खडासुद्धा उचलला नाही."

त्यांनी टरफल बशीत टाकलं. राग नाही, काही नाही. ज्यांच्या बापजाद्यांचे पुतळे उभे असतात त्यांना राग यायचं कारणच पडत नाही; तो आमच्या वाट्याला ठेवलेला असतो.

"तुला वाटतंय, मी खरवडलं."

"तो चेहरा समोर आला असता, तर सोमवारी तुम्हाला दगडाचा ठराव अडवता आला नसता."

"चेहऱ्यानं काय होतंय? चेहरा कुणाचाही असतो. मला नडतात ते पट्टे. पट्टे म्हणजे कैदी, आणि कैदी म्हणजे आमच्या घराण्याची अब्रू." ते पुढे झुकले. "आज सकाळी वेंडेल फोनवर म्हणाला, पट्टे जसेच्या तसे आहेत. अरे शहाण्या, मी हत्यार घेऊन गेलो असतो, तर पट्टे ठेवून आलो असतो का? कामगार माझे असते तर अशा कामाबद्दल मी त्यांना हाकललं असतं."

मी ओसरीच्या पायऱ्या उतरू लागलो. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या माणसाच्या तोंडून अक्कल ऐकायची माझी तयारी नव्हती.

"बायकामाणसांना विचार," मागून ते म्हणाले. "जपून केलेलं काम आहे, असं वेंडेल म्हणत होता."

४

रविवारी इमारत रिकामी असते. मी टॉर्च आणि भिंग घेऊन वळणावर बसलो.

पहिली गोष्ट, गुंडाळलेला लेप. नासधूस करायला आलेला माणूस लेपासकट ओरबाडतो. हा माणूस नासधूस करायला आलाच नव्हता. तो बघायला आला होता. जिवापाड जपून, रंगाचा कण निघू नये म्हणून कोपऱ्यापासून गुंडाळत लेप काढला, बादलीत ठेवला, झाकण लावलं. मग वर पाहिलं. आणि मग जे दिसलं ते त्याला सहन झालं नाही.

फाउट्सला असं काही बघायची हौस नव्हती. त्याला उद्घाटनाची तारीख गाठायची होती. सेनेटरला पट्टे नको होते. चेहरा नको, पण पट्टे हवेत, असं कुणाला वाटेल?

मी टॉर्च आडवी धरली. खाली दोन माणसांचे कपडे होते, हे तेव्हा कळलं. एक वाकलेला, त्याच्या पाठीवरचे पट्टे आडवे. दुसरा त्याच्यामागे सरळ उभा. त्याचेही पट्टेच, पण उभे.

मी खाणीच्या गावचा. आमच्याकडे जुन्या तुरुंगात दोन कपडे खुंटीला टांगून ठेवलेत, गावातल्या शेंबड्या पोरालाही फरक माहीत असतो. आडवे पट्टे म्हणजे साधा कैदी. उभे पट्टे म्हणजे मुकादम कैदी. गोऱ्या शिपायांना उन्हात उभं राहायचा कंटाळा; म्हणून कैद्यांतलाच एक निवडायचे, त्याला जास्तीची भाकर द्यायचे आणि हातात चामड्याचा पट्टा द्यायचे. मारायचं त्यानं.

उभ्या माणसाचा तोंडाजवळ उगारलेला हातही मनगटापासून खरवडला होता. पण घाईत हत्यार खालपर्यंत पोचलं नव्हतं. वाकलेल्या पाठीच्या वर, हवेत, एक तपकिरी शेपूट लोंबत होतं. चामड्याचं.

आणि वर, जिथे डोकं होतं तिथे, खरवडलेल्या कडेला रंगाचा एकच फटकारा उरला होता. मारिसेलला मी काल त्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, उन्हाची तिरीप असेल. पण त्या चित्रात ऊन डावीकडून येत होतं आणि फटकारा उजवीकडे होता. काळ्या केसांत, कपाळाच्या वर. पांढरा.

मी टॉर्च विझवली. मला सेनेटर हवा होता. देवाशपथ, मला तोच हवा होता.

५

मिस ओडेसा चर्चमधून आल्या होत्या. अंगावर निळा पोशाख तसाच होता, हॅट टेबलावर. त्यांनी माझ्यापुढे पीच घातलेल्या पुडिंगचा तुकडा ठेवला.

"खा. मग बोल. उपाशीपोटी आरोप करू नये, पित्त होतं."

"मी आरोप करायला आलोय हे कुणी सांगितलं?"

"अमोस, तू आठवीत असताना सहलीत पेन्सिली चोरल्या होत्यास, तेव्हाही तुझं असंच तोंड झालं होतं."

मी चमचा खाली ठेवला. "किल्ली खिळ्यावरची घेतलीत?"

"माझीच खोली आहे ती. घेतली नाही, होतीच." त्या समोर बसल्या. "सोमवारपर्यंत दम निघेना. पन्नास वर्षं मी त्या जिन्यात उभं राहून त्याचं नाव घेतलं. एकदा तरी आपल्या माणसाचं तोंड आपण आधी बघावं, मग त्या समितीनं. एवढंच मनात होतं. ती पोरगी दाखवायची तसाच लेप काढला. आणि तो होता. बट होती. माझ्या धाकट्याचे डोळे होते. मी म्हटलं, आजोबा, आलात."

त्या थांबल्या.

"मग मला त्याचा हात दिसला."

बाहेर शेजाऱ्यांचं कुत्रं भुंकत होतं. त्यांनी उठून खिडकी लावली आणि परत आल्या.

"मी शिकवते पोरांना, उभे पट्टे म्हणजे काय. मीच शिकवते. त्याच्या अंगावर ते पाहिले, आणि डोक्यात एकच आलं. उद्या स्ट्रिकलंड हे बघेल आणि म्हणेल, घ्या, तुमचाच माणूस तुम्हाला मारत होता. पोरीची पातळ सुरी तिथे होती. मी चेहरा काढला, हात काढला. पट्टे ठेवले, कारण पट्टे बाकीच्यांचे होते."

"मारिसेलवर शेरा बसणार आहे."

"काल कळलं."

"काल कळलं आणि गप्प बसलात."

"बसले." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "तू काय लिहिणार?"

मी वाटेत त्यावरच डोकं फोडून घेतलं होतं. खरं लिहिलं, तर दगड जातो. नाही लिहिलं, तर मारिसेल जाते. मी म्हटलं, "तुम्ही सांगा. तुमच्याविरुद्ध लिहायला माझा हात उचलत नाही, आणि न लिहायलाही उचलत नाही."

"म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर. बरा पोलीस आहेस." त्या थोडं हसल्या. मग चेहरा उतरला. "अमोस, शिपायांनी माझ्या पणजोबाला सांगितलं असेल ना, की तुझा जीव वाचव, दुसऱ्याची पाठ पुढे कर. ती इमारत तशीच उभी राहिली. मी तरी दुसरं काय केलं? माझ्या दगडासाठी त्या पोरीची पाठ पुढे केली." त्यांनी बशी उचलली. "उद्या मीच बोलते. तू कागद घरी ठेव."

६

समितीपुढे त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. आवाज तोच, सहलीतल्या पोरांना सांगायचा. लेप, सुरी, बट, पट्टा. फाउट्सनं मारिसेलकडे पाहिलंही नाही. फायलीतला एक कागद काढून दुसरा लावला. ती सुटली. माफी कुणी मागितली नाही. खालच्या मजल्यावरच्या माणसांची माफी मागायची त्या इमारतीला सवय नाही.

मग सेनेटर बोलले. अगदी सौम्यपणे.

"मिस ओडेसांच्या दुःखात मी सहभागी आहे. पण आता प्रश्न असा, की दगड कुणाच्या नावानं बसवायचा? मार खाणाऱ्यांच्या, की मारणाऱ्यांच्या? ते तर एकाच घरातले निघाले. मला वाटतं, विषय अधिक अभ्यासासाठी ठेवावा."

"पट्टा त्याच्या हातात कुणी दिला, सेनेटर?" मी मागून म्हणालो.

"सार्जंटला बोलायची परवानगी नाही," ते म्हणाले, आणि हात वर झाले. सगळे. विषय अभ्यासाला गेला. आज एवढी वर्षं झाली, अभ्यास चालू आहे.

मिस ओडेसांना त्याच दुपारी बिल्ला परत करायला सांगितलं. त्यांनी तो गाईडांच्या खोलीत ठेवला आणि जाताना जिन्यात आल्या. मी तिथेच होतो. मारिसेल खरवडलेली जागा गिलाव्यानं भरत होती.

"मुली," त्या म्हणाल्या, "माझं तोंड नाही तुला काही मागायला. तरी मागते. मी सांगते तसा त्याचा चेहरा काढशील? मी सगळं सांगेन. नाक, कपाळ, हनुवटी. मला सगळं आठवतंय."

मारिसेलनं थापी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही, मिस ओडेसा. मी पाहिलं नाही ते मी रंगवत नाही. रंगवलं, तर माझ्यात आणि ते धुतलेले शर्ट रंगवणाऱ्यात फरक काय?"

"खरंय."

"इथे मी नुसता राखाडी रंग देणार. येणाऱ्याला कळलं पाहिजे, इथलं गेलंय."

"दे," मिस ओडेसा म्हणाल्या आणि कठडा धरून एक पायरी उतरल्या.

"पण तो दिसत कसा होता?" मारिसेलनं विचारलं. "जगात तुम्हीच पाहिलाय."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"घाबरलेला," त्या म्हणाल्या. "हातात पट्टा होता, आणि वाकलेल्या माणसापेक्षा तोच जास्त घाबरला होता. बाजूला कुणीतरी उभं असावं, चित्राबाहेर, तसं तिकडे बघत होता. चितारणाऱ्यानं ते बरोबर टिपलं होतं. नीट बघितलं असतं कुणी, तर स्ट्रिकलंडला एक शब्द बोलता आला नसता." त्यांनी हॅट डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी खाली ओढली. "मी हाताकडे बघत बसले, बाळा. डोळे मला घरी गेल्यावर दिसले."

त्या उतरून गेल्या. मारिसेलनं थोडा राखाडी रंग पाटीवर काढला, त्यात पांढरा मिसळला, पुसला, पुन्हा काढला. मी खाली जाऊन दार लावून घेतलं.